तीन तुकड्यांचं तिकीट

मरोळच्या गावठाणात कुणाला लांब जायचं असलं, की तो आधी अर्बन मिस्किटाच्या ओट्यावर येई आणि मग स्टेशनवर जाई. अर्बन बिस्किटांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होता, पण ते पोटापुरतं. जीव रेल्वेच्या टाइमटेबलात. प्रार्थनेचं पुस्तक आणि टाइमटेबल तो एकाच फळीवर ठेवी. त्यातलं कुठलं जास्त चुरगळलंय हे फादरांनी एकदा पाहिलं होतं, पण ते दयाळू असल्याने काही बोलले नाहीत.

अर्बनचं तत्त्व साधं होतं. लांबचं एकच तिकीट काढतो तो मूर्ख.

"मेलचं तिकीट काढलंस की सगळ्या वाटेचे मेलचे पैसे," तो समजावून सांगे. "वर झोपायच्या फळीचे वेगळे. त्यापेक्षा तुकडे कर ना. रात्रीचा तुकडा पॅसेंजरने, दिवसाचा एक्सप्रेसने. रात्री डोळे मिटलेले असतात. गाडी हळू चाललीय की जोरात, कळतंय कुणाला?"

फिलिप डिसा या पद्धतीने सिकंदराबादला भावाच्या लग्नाला निघाला आणि भावाच्या पोरग्याच्या बाप्तिस्म्याला पोहोचला, असं गावातली वाईट माणसं सांगत. अर्बन एवढंच विचारी, "पण पावणेचार रुपये वाचले की नाही?"

चौसष्ट सालच्या मे महिन्यात अर्बनला स्वतःलाच लांब जायचं आलं.

त्याची एकुलती एक मुलगी कार्मेन वर्षापूर्वी नागपूरच्या पलीकडे, एका बंदिस्त मठात नन व्हायला गेली होती. आता तिला व्रताची वस्त्रं मिळायची होती. मठाचं पत्र आलं. शनिवारी दुपारी तीन वाजता कार्मेन ख्रिस्ताची नवरी म्हणून पांढऱ्या पोशाखात बाहेरच्या खोलीत आईबापांना भेटेल. चारच्या ठोक्याला ती आतल्या दारातून जाईल आणि दार लागेल. त्यानंतरची भेट वर्षातून एकदा, लोखंडी जाळीपलीकडून. जाळीच्या आतून काळा पडदा. आवाज ऐकू येईल, माणूस दिसणार नाही.

"म्हणजे एक तास," उर्सुला म्हणाली. तिने पत्र तीनदा वाचून घेतलं, तरी तो तासाचा तासच राहिला.

मग तिने शेरी दारूची एक रिकामी बाटली राखेने घासून उन्हात ठेवली. गावठाणात लग्नाच्या आदल्या दिवशी बायका बँड लावून विहिरीवर जातात, पाणी भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. कार्मेनला नवरा नव्हता, पण ती नवरी होती, आणि त्या तासाभरात तिच्या कपाळाला आपल्या विहिरीचं चार थेंब पाणी लावायचं, एवढंच उर्सुलाच्या मनात होतं.

"बँड सांगायचा?" तिने विचारलं.

"नवरा नाही तर बँड कुणासाठी?" अर्बन म्हणाला. बँडचे पैसे वाचले.

गुरुवारी सकाळी बायका बँडशिवायच विहिरीवर गेल्या. पाणी भरलं, बुचावर मेण ओतलं. उर्सुलाचा भाऊ ह्युबर्ट ओट्यावर बसून हे बघत होता. शेरीची बाटली रिकामी करण्याचं काम त्यानेच केलं होतं.

"मी शुक्रवारी रात्रीच्या मेलने जातोय," तो म्हणाला. "सरळ तिकीट. शनिवारी दुपारी बाराला दारात. चल ना यार माझ्याबरोबर."

"आम्ही आज निघतोय," अर्बन म्हणाला. "अख्खा एक दिवस आधी. तू पैसे जास्त टाकून आमच्या मागून येणार. हिशोब तूच कर."

ह्युबर्टला हिशोब कधीच जमला नव्हता.

अर्बनने तीन तुकडे पाडले होते. अंधेरी ते कल्याण लोकलच्या तिकिटावर. कल्याण ते भुसावळ रात्रीच्या पॅसेंजरने. भुसावळहून पुढे शुक्रवार दुपारच्या एक्सप्रेसने, म्हणजे शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला. शनिवारचा अख्खा दिवस हाताशी. कागदावर ते इतकं सुंदर दिसत होतं की त्याने कागद खिशात न ठेवता हातातच ठेवला.

पॅसेंजर नावाप्रमाणे वागली. जिथे माणूस दिसला तिथे थांबली. भुसावळला ती पोहोचली तेव्हा पलीकडच्या फलाटावर एक्सप्रेस उभी होती. सुटायला आठ मिनिटं होती, आणि तिसरा तुकडा भुसावळच्या खिडकीवरच मिळायचा होता.

खिडकीसमोर सतरा माणसं होती. अर्बन अठरावा.

उर्सुला ट्रंक आणि बाटली घेऊन धापा टाकत आली. "अर्बन, चढूया. आत टीसीला पैसे देऊ."

"दंडासकट? डबल घेतो तो!"

"घेऊ दे ना रे!"

"अगं, पाच माणसं राहिलीत."

पाचाची तीन झाली, तेव्हा गार्डाने शिट्टी दिली. उर्सुला एक्सप्रेसकडे बघत होती आणि अर्बन पुढच्या माणसाच्या मानेकडे. गाडी गेली. मग त्याचा नंबर आला.

खिडकीतल्या म्हाताऱ्या बाबूने त्याचं आधीचं तिकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "कल्याणहून आलात? मग तिथूनच शेवटपर्यंतचं का नाही काढलं?"

"तुकड्यांत स्वस्त पडतं," अर्बनने त्याला शिकवलं.

"कोण म्हणतं? अंतर वाढेल तसा पुढचा दर उतरत जातो, मास्तर. तुकडा पाडला की प्रत्येक वेळी पहिल्यापासून चढ्या दराने सुरू. पॅसेंजरनेच जायचं होतं, तर सरळ पॅसेंजरचं काढायचं. वर मधे उतरायलाही मिळालं असतं." बाबूने पेन्सिलीने काहीतरी मांडलं आणि कागद फिरवून दाखवला. "हे बघा. दीड रुपया वर गेला तुमचा."

अर्बनने आकड्याकडे पाहिलं. वीस वर्षं. फिलिप डिसा, अख्खं मरोळ, निम्मी जोगेश्वरी. त्याने तो कागद घेतला, चार घड्या केल्या आणि बायकोला दिसणार नाही अशा खिशात ठेवला.

"आता कुठली गाडी?" त्याने विचारलं.

"पहाटे मुंबई मेल येईल, ती दुपारी पोहोचवते. नाहीतर रात्री दहाची पॅसेंजर."

ती मेल म्हणजे ह्युबर्टची मेल. तिच्यात चढायचं म्हणजे ह्युबर्टच्या समोर बसायचं, आणि तो केळं सोलत विचारणार, "काय रे, एक दिवस आधी ना?"

"पॅसेंजरची दोन द्या," अर्बन म्हणाला.

"मेल का नाही?" उर्सुलाने बाकावर बसल्या बसल्या विचारलं.

"पॅसेंजर सहा तास आधी सुटते. आधी सुटलेली गाडी मागे कशी राहील?"

उर्सुलाला टाइमटेबल कळत नव्हतं. नवऱ्याला कळतं, या भरवशावर तिने सव्वीस वर्षं काढली होती. बाटली मांडीवर घेऊन रात्री दहापर्यंत तशीच बसली.

शनिवारी सकाळी अकोला मागे पडल्यावर एका छोट्या स्टेशनात पॅसेंजर बाजूच्या रुळावर घेतली आणि उभी केली. अर्धा तास झाला. तास झाला. डब्याचं टप तापलं. फलाटावर एकच नळ होता, आणि तो फिरवला की नुसता सुस्कारा टाकत होता. अर्बन खाली उतरून हिरवं निशाण घेतलेल्या माणसाकडे गेला.

"का थांबवलीय?"

"मेल येतीय मागून. तिला पुढं काढायची."

अर्बन डब्यात येऊन बसला. बायकोला सांगायची गरज पडली नाही. रूळ थरथरू लागले, शिट्टी ऐकू आली आणि मुंबई मेल धूळ उडवत मधल्या रुळावरून निघून गेली. खिडक्या, खिडक्या, खिडक्या. त्यातल्या एका खिडकीत सरळ तिकीट काढलेला ह्युबर्ट झोपला असणार.

धूळ खाली बसली तरी पॅसेंजर हलली नाही. मेलच्या मागे एक मालगाडी सोडली. मग आणखी एक.

"आता किती वाजता पोहोचू?" उर्सुलाने विचारलं.

अर्बनने टाइमटेबल उघडलं नाही. "सहा."

"दार चारला."

"हो."

अर्बनच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. जीभ टाळूला चिकटली होती. सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. उर्सुलाने बाटली उचलली, नखाने मेण काढलं, बूच दातांनी ओढलं आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

"पी."

"उर्सुला, हे कार्मेनचं..."

"आता कुणाचं नाही. पी म्हणते ना."

रागाने म्हणाली असती तर तो प्यायला नसता. दुपारचं जेवण वाढताना म्हणावं तसं म्हणाली. तो प्यायला. एक घोट घ्यावा म्हणून तोंडाला लावली, ती रिकामी झाल्यावरच खाली आली. पाण्याला मरोळच्या विहिरीची चव होती, आणि मागून किंचित शेरीची.

मठाच्या दारात ते पोहोचले तेव्हा साडेसहा वाजले होते. पायरीवर ह्युबर्ट बसला होता. केळं नव्हतं, टोमणाही नव्हता. डोळे सुजले होते.

"चारपर्यंत खिडकीशी उभी होती," तो म्हणाला. "घंटा झाली तरी म्हणाली, मामा, अजून एक मिनिट, पापा कधी गाडी चुकवत नाहीत. शेवटी बापाच्या जागी मी हात धरून दारापर्यंत नेली. तुझ्याच जागी रे."

मुख्य मदरने नियम मोडून पाच मिनिटं दिली. एका अंधाऱ्या खोलीत भिंतीला लोखंडी जाळी होती आणि जाळीच्या आत काळा पडदा. दोघं जाळीसमोर स्टुलांवर बसली, डॉक्टरकडे बसावं तशी.

"आई?" पडदा म्हणाला.

उर्सुलाने जाळीवर तळवा टेकवला. लोखंड गार होतं.

"आई, मामा सांगत होता, तू विहिरीचं पाणी आणणार म्हणून. आणलंस?"

"आणलं होतं, बाय."

"मदरना विचारते मी. आत द्यायला देतील कदाचित. थोडंसंच असेल ना?"

उर्सुलाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "वाटेत बूच निघालं, बाय. सांडलं."

"असू दे," कार्मेन म्हणाली. मग, घरी असताना विचारायची त्याच आवाजात, "पापा, ह्या वेळी किती वाचले?"

अर्बनने तोंड उघडलं. खिशात बाबूचा चार घड्यांचा कागद होता. घसा कोरडा पडला असता तर बोलता न यायला काही कारण तरी मिळालं असतं. पण सगळ्या वाटेत दोघांपैकी त्याच्या एकट्याच्याच पोटात पाणी गेलं होतं.

"पापा?"

आत घंटा वाजली आणि पडद्यामागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.