एक बोट डावीकडे

भिंग्याने गिटारचा नमुना पाठवला आणि चावीवाल्याने चक्क कौतुक केलं. "काय आवाज काढलायस रे! असाच सगळ्या गाण्याला पाहिजे," असं तो फोनवर म्हणाला. खरं तर भिंग्याने तिथेच सावध व्हायला हवं होतं. चावीवाल्याने आयुष्यात आजवर फक्त एका कुलपाचं कौतुक केलं होतं, आणि ते कुलूप नंतर कोणालाच उघडता आलं नव्हतं.

भिंग्या चष्म्याच्या दुकानात कामाला होता, म्हणून भिंग्या. चावीवाला चाव्या करायचा आणि संध्याकाळी ड्रम वाजवायचा. बँड त्याचा, गाडी त्याच्या मेहुण्याची, त्यामुळे शेवटचा शब्दही त्याचाच. बँडचं पहिलंवहिलं गाणं व्हायचं होतं आणि त्यात मधोमध गिटारचा एक लांबलचक तुकडा होता. भिंग्या चार वर्षं बँडमध्ये होता, आणि या तुकड्याखेरीज त्याला त्या गाण्यात दुसरं काहीही काम नव्हतं.

"रविवारी संध्याकाळी मला पूर्ण तुकडा हवा. नमुन्यासारखा," चावीवाला म्हणाला. "नाहीतर मेहुणा कीबोर्डवर वाजवतो म्हणतोय. त्याच्या कीबोर्डमध्ये गिटारचं पण बटण आहे."

"बटण?"

"बटण. दाबलं की गिटार. तुझ्यासारखे नखरे नाहीत त्याचे."

आता नमुन्यासारखा आवाज काढायचा म्हणजे नमुना कसा काढला ते आठवायला हवं. भिंग्याला आठवत होतं ते एवढंच, की गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपसमोर स्टँडवर माइक होता, माइकची वायर लाल डबीत, डबीची वायर लॅपटॉपमध्ये. त्या दिवशी टेबलावर आत्याचं शिवणाचं मशीन उघडून पडलं होतं, म्हणून लॅपटॉप त्याने वाळलेल्या कपड्यांच्या टोपलीत टॉवेलांवर ठेवला होता. पण टोपलीचं कोण लक्षात ठेवतं? आवाज पकडतो माइक. लॅपटॉपचं काम नुसतं लिहून घेण्याचं. कारकून कुठे बसलाय यावरून कोणी निकाल बदलत नाही.

सोमवारी टेबल मोकळं झालं, लॅपटॉप टेबलावर गेला, आणि आवाज गेला. आदल्या दिवशी जो गरम शिऱ्यासारखा... नाही, शिरा नको, गरम मेणासारखा ओघळत होता, तो आता डब्यात कोंडलेल्या माशीसारखा यायला लागला. तेच गिटार, तोच अँप, तीच बटणं, वाजवणाराही तोच. भिंग्याने वाजवणारा तोच आहे ना हे आरशातसुद्धा पाहून घेतलं.

इंटरनेटवर एक टकलू मास्तर होता. तो म्हणाला, सगळा खेळ माइकच्या जागेचा. स्पीकरच्या मध्यापासून एक बोट बाजूला सरकवा, जग बदलेल.

जग बदलायला भिंग्या तयारच होता. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचा. ती छोटी पट्टी त्याने घरी आणली आणि माइक स्पीकरसमोर असा बसवला, की स्पीकरला दूरचं दिसायला लागावं. एक बोट डावीकडे. वाजवलं, ऐकलं. आवाज किंचित उबदार. दोन बोटं डावीकडे. आता जरा नाकात बोलतोय. एक बोट मागे. अहाहा, मोकळा झाला! अर्धं बोट पुढे. छे, पुन्हा गुदमरला. एकेका बोटाचा फरक त्याला लख्ख ऐकू यायला लागला. आपले कान एवढे तयार आहेत याचा त्याला अभिमानही वाटला.

"आत्या, नीट ऐक. पहिलं बरं की दुसरं?" त्याने आत्याला स्टुलावर बसवून विचारलं, दुकानात विचारतो तसं.

"दुसरं."

"आणि आता? पहिलं की दुसरं?"

"दुसरं."

"आत्या, दुसरं मी अजून लावलंच नाही."

"मग लाव की. ते बरं असणार." आत्या उठली. "नाचता येईना अंगण वाकडं. तू वाजव नीट, कांडी कशाला हलवत बसतोस?"

"कांडी नाही ती. माइक आहे."

"असेल. धूळ किती बसलीय त्याच्यावर."

रोज कामावरून आला की भिंग्या वाजवायचा आणि चावीवाल्याला पाठवायचा. चावीवाल्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी यायचं, आणि रोज नवीन उपमा घेऊन यायचं. "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं वाटतंय." "दातात काहीतरी अडकल्यासारखं." "मांजराच्या शेपटीवर दार." गुरुवारी तर तो नुसता म्हणाला, "चिरका. मेहुण्याने बटण पुसून ठेवलंय हां."

भिंग्याने तारा बदलल्या, वायर बदलली, अँपखाली उशी घातली, मग उशीखाली अँप घातला. दुकानात एका काकांना त्याने दूरचं आणि जवळचं उलटं लावून दिलं. काका म्हणाले, आता बायको लांब दिसते आणि बस जवळ दिसते. भिंग्याने विचारलं, "पण आवाज कसा येतोय?" मालकाने त्याला घरी पाठवलं.

रविवार उजाडला. सकाळी भिंग्याने शेवटचा उपाय म्हणून माइकला हातच न लावता वाजवायचं ठरवलं. स्टँडवर काळ्या स्पंजची टोपी दिसत होती, म्हणजे माइक जागेवर होता. अँप मोठा केला, डोळे मिटले, तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला आणि ऐकायला बसला.

आणि काय सांगावं! सुरुवातच देखणी. सगळ्या आठवड्यात असा आवाज आला नव्हता. दोन बोटं डावीकडे, एक मागे, हीच ती जागा! भिंग्या खुर्चीतून अर्धा उठला. तेवढ्यात तुकड्याच्या बरोबर मध्यावर, गिटार मागे लांब राहिलं आणि त्याच्या थेट कानात आत्या म्हणाली, "तुझं ते काळं धुऊन तिथेच वाळत घातलंय रे. आतली कांडी चमच्यांच्या कप्प्यात आहे."

भिंग्याने पुन्हा लावलं. आत्याने पुन्हा सांगितलं.

तो स्टँडपाशी गेला. टोपी उचलली. आत हवा होती. स्वयंपाकघरात जाऊन त्याने चमच्यांचा कप्पा उघडला. माइक एका डावाच्या कुशीत शांत झोपला होता.

"आत्या, हे कधी ठेवलंस?"

"काल. रात्री तू झोपल्यावर. सकाळी सांगायला आले होते, तुझं डोळे मिटून चाललं होतं. टेबलापाशी उभी राहून सांगून गेले."

"पण मी आत्ता यानेच रेकॉर्ड केलं!"

"यानेच? हा तर इथे होता."

"तेच तर म्हणतोय!"

"मग मला कशाला विचारतोस?"

भिंग्याचं डोकं पार भंजाळलं. चमच्यांत झोपलेल्या माइकने गिटार ऐकलं कसं? त्याने स्पंजची टोपी नखाने खरवडली. लॅपटॉपच्या पडद्यावरची, आवाज दाखवणारी रेघ हलली नाही. माइक आणून, वायर लावून खरवडला. रेघ ढिम्म. मग त्याने वैतागून लॅपटॉपच्याच कडेला टिचकी मारली आणि रेघेने पडद्याच्या माथ्यापर्यंत उडी घेतली.

लॅपटॉपच्या पोटात स्वतःचा एक टाचणीच्या डोक्याएवढा माइक असतो. सगळा आठवडा तोच ऐकत होता. आवाज कुठून घ्यायचा हे लॅपटॉपला सांगताना लाल डबी निवडायचं भिंग्या पहिल्याच दिवशी विसरला होता. म्हणजे सोमवारपासून तो ज्या माइकला बोट-बोट सरकवत होता, त्या माइकचं बोलणं कोणी ऐकतच नव्हतं. मग एक बोट डावीकडे आवाज उबदार कुठून झाला? दोन बोटांवर नाकात कोण बोललं?

या प्रश्नावर जास्त विचार न करण्याचं त्याने ठरवलं आणि लगेच त्यावर दुपारभर विचार केला. मग डबी निवडून, खऱ्या माइकने, तुकडा पुन्हा वाजवला. आवाज स्वच्छ आला. इतका स्वच्छ, की त्याची स्वतःच्याच गिटारशी नव्याने ओळख झाली आणि फारशी आवडली नाही.

संध्याकाळी चावीवाला आला. "मेहुणा खाली गाडीत आहे. कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलाय," तो बुटांचे बंद सोडता सोडता म्हणाला. "लवकर ऐकव. तो वर आला की जेवूनच जातो."

भिंग्याने त्याला हेडफोन दिले आणि कुठलं कुठलं ते न सांगता एकेक लावायला सुरुवात केली.

पहिल्यालाच चावीवाल्याने तोंड वाकडं केलं. "हाच तो चिरका. बंद कर."

"हा नमुना आहे."

"कुठला नमुना?"

"तुला आवडलेला."

चावीवाल्याने हेडफोन काढून दोन्ही बाजूंनी तपासले. "बरं, पुढचा लाव." पुढचा लागला. त्याचं डोकं हलायला लागलं. "हां! हा बघ. हा का नाही पाठवलास?"

"पाठवला होता. बुधवारी रात्री. गुरुवारी तू बटण पुसून ठेवलंय म्हणालास."

"शक्यच नाही."

"गुरुवारी तो तू कुठे ऐकलास?"

"दुकानात. फोनवर."

"दुकानात कुठे?"

"मशीनवर रे. म्हणजे मशीन चालू होतं. कपाटाच्या चाव्या होत्या, घाई होती." चावीवाला थांबला. चावी घासताना मशीन कसं ओरडतं हे त्याला माहीत होतं. पत्र्यावर खिळा, दातात काहीतरी, मांजराची शेपटी. "पण नमुना मी गाडीत ऐकला होता," तो हळूच म्हणाला. "काचा वर करून. मोठ्या स्पीकरवर."

आता गुन्हा टोपलीचा, टेबलाचा, मशीनचा की गाडीचा, हे सांगायला देव जरी आला असता तरी त्याने आधी हेडफोन मागितले असते.

खऱ्या माइकचा आवाज ऐकून चावीवाला म्हणाला, "चांगला आहे. पण हा वाजवतोय कोण?" मग सकाळचा, नुसत्या स्पंजसमोर वाजवलेला लागला, आणि त्याने डोळेच मिटले. आत्या बोलल्यावर ते उघडले.

"हाच. बास. आत्या येईपर्यंत हाच. पुढचं अर्धं पुन्हा वाजव, डिट्टो असंच. जोड कळता कामा नये. कळली तर मी खाली जाऊन बटणाला होकार देतो, सांगून ठेवतो."

खालून हॉर्न वाजला.

भिंग्याने माइक परत चमच्यांत ठेवला. काय केल्याने तो आवाज आला होता हे कळायला मार्ग नव्हता, तेव्हा काहीच बदलायचं नाही. स्पंजची टोपी स्टँडवर, लॅपटॉप टेबलावर, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, आत्या स्वयंपाकघरात.

"आणि मी?" चावीवाल्याने विचारलं.

"तू सकाळी नव्हतास."

"मग खाली जाऊ? मी खाली गेलो की तो वर येणार."

"इथेच थांब. पण नसल्यासारखा."

चावीवाला भिंतीला चिकटून, श्वास धरून, जमेल तेवढा नसल्यासारखा उभा राहिला. भिंग्याने वाजवलं. आठवड्याभरात पहिल्यांदाच त्याचं लक्ष आवाजाकडे नव्हतं, कारण नसलेला चावीवाला हळूहळू जांभळा होत चालला होता आणि तो पडायच्या आत तुकडा संपवणं भाग होतं. शेवटचा सूर विरला तसा चावीवाल्याने फुगा सोडल्यासारखा श्वास सोडला आणि झडप घालून हेडफोन घेतले.

त्याने पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं अर्धं ऐकलं. मग खिडकी उघडून खाली ओरडला, "तू जा रे घरी! कीबोर्ड नको!"

भिंग्या अँपवर बसला. "जुळलं? सारखंच आलं?"

"छे, अजिबात नाही," चावीवाला म्हणाला. "दुसरं अर्धं कितीतरी भारी आलंय. आता पहिलं अर्धं याच्यासारखं कर."

स्वयंपाकघराच्या दारातून आत्याने डोकं बाहेर काढलं. "मग मी आता आत असू की बाहेर?"