टेपखालचे एक बोट

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. माझ्या अंगावरचे पहिले तीन आकडे केव्हाच पुसले गेले, तरी परवापर्यंत माझे माप कधी चुकले नव्हते. याचा मला थोडा गर्व आहे, लपवत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पिवळीधमक होते. मावशींच्या गळ्यात पडले ती कायमचीच. मावशी बाजारातल्या एका गाळ्यात बायकामुलींचे कपडे शिवतात. माप घेताना त्या माझ्याखाली नेहमी एक बोट ठेवतात. "श्वास घ्यायला जागा नको का?" म्हणतात. म्हणूनच त्यांचे कपडे कुणाला काचत नाहीत.

माझी सर्वांत लाडकी म्हणजे त्यांची भाची. तोंडाचा पट्टा थांबत नाही, म्हणून सगळे तिला टकळी म्हणतात. लहानपणी तिने माझी दोरी करून उड्या मारल्या, मला मांजराच्या गळ्यातही बांधले. माप देताना एका जागी उभी राहील तर शपथ! आणि दर वेळी एकच हट्ट, "मावशी, खिसे दोन हवेत, मोठे!"

सोळाव्या वर्षी मात्र ती आली आणि गुपचूप उभी राहिली.

"बाही कुठपर्यंत ठेवू गं?" मावशींनी विचारले.

"थांब हं, विचारते." तिने फोन काढला. "मनगटापर्यंत, म्हणतोय. आणि गळा बंद. त्याला दुसरं आवडत नाही."

मावशींनी मला तिच्या मनगटाभोवती घेतले. ती कळवळली. माझ्याखाली चार निळसर डाग होते, बोटाएवढे रुंद. मला फार वाईट वाटले.

"कोण आहे तो? थांब, बघतेच त्याच्याकडे!" मावशी भडकल्या.

टकळीने लगेच पिशवी उचलली. "मैत्रिणींशी बोललेलं त्याला खपत नाही, आता तूही अशी चिडलीस, तर तुझ्याकडेही यायचं नाही का मी? प्रेम आहे, म्हणून चिडतो तो." फोन सारखा वाजत होता. ती दारापर्यंत गेली. आता गेली तर पुन्हा येणार नाही, हे मला कळत होते.

मावशींनी राग गिळला. मला स्वतःच्या मनगटाभोवती गुंडाळून त्यांनी करकचून ओढले. "एवढं सांग आणि जा. हे माप बरोबर आहे?"

"काहीतरीच काय! बोट कुठंय?" टकळी सवयीने बोलून गेली. आणि तिथेच थांबली.

मग ती खूप रडली. मावशींनी तिला जवळ घेतले. "तुझी काही चूक नाही, बाळा. आईला आपण दोघी मिळून सांगू."

सगळे एका दिवसात सरळ झाले नाही. तो शाळेच्या फाटकाशी येऊन माफी मागायचा, मग धमकी द्यायचा. पण आता तिच्या बाजूला आई होती, वर्गशिक्षिका होत्या, दुरावलेल्या मैत्रिणीही परत आल्या होत्या.

मित्रांनो, कुणी कितीही प्रेमाने जवळ घेतले, तरी एका बोटाची जागा आहे ना, ते बघत जा. काचत असेल तर विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आणि तुमच्या हातून कुणाला काचत असेल, तर हात सैल करा.

परवा टकळी आली होती. "बाही कुठपर्यंत?" मावशींनी विचारले. तिने फोनकडे पाहिलेसुद्धा नाही.

"कोपरापर्यंत! आणि खिसे दोन, मोठे!" असे म्हणत तिने अशी गिरकी घेतली, की मी निसटून खाली पडले आणि जन्मात पहिल्यांदाच माझे माप चुकले.