चौतीस आठवड्यांची वार

मी वार बोलतेय, नाळेच्या दुसऱ्या टोकाला असते ती. बाळ जन्मलं की सगळे त्याच्याकडे धावतात. मी मागून येते आणि ट्रेमध्ये जाते. पोटात त्याला श्वास दिला, जेवू घातलं ते मीच, पण माझा फोटो कुणी काढत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं.

आमची आई शिवणकाम करायची. तिच्या गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या रुंद करून घेणं हे माझं पहिलं काम. ते मला नीट जमलं नाही. रक्त कमी पडू लागलं आणि माझ्या भुकेल्या पेशी तिच्या रक्तात नको ते रसायन सोडू लागल्या. सातव्या महिन्यात तिचा रक्तदाब चढला. पाय असे सुजले की चपला घालवेनात. सुईत दोरा ओवताना डोळ्यांपुढे ठिणग्या नाचायच्या. आधीचं बाळ तिनं याच दुखण्यात गमावलं होतं.

डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या. आई चिठ्ठी हातात धरून बसूनच राहिली.

"याने माझा रक्तदाब उतरेल. पण वारेचं काय होईल?"

"गोळी बाळाला चालणारी आहे, काळजी नको," बाई म्हणाल्या. "पण वारेच्या पेशींत ती नेमकं काय करते, ते अजून पुरतं कळलेलं नाही."

"मग शोधा की! मी नवं कापड पाण्यातून काढून आटतं का ते बघितल्याशिवाय कात्री लावत नाही."

बाई हसल्या. "शोधणारी आहे एक, खाली तळमजल्यावर. बाळ झाल्यावर वार द्याल तिला? संमतीच्या कागदावर सही लागेल."

"दिली!"

सोबत आलेली आजी कुरकुरली, "अगं, टाकून द्यायची वस्तू. तिला सही-बिही कशाला?"

"टाकून देत आलो म्हणूनच कुणाला काही कळलं नाही, आई."

गोळ्या तिनं घड्याळ लावून घेतल्या. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून कॅलेंडरवर लिहिला. चार आठवडे आम्ही तिघींनी, आई, बाळ आणि मी, नेटानं काढले. मग एका सकाळी डोकं फुटायला आलं आणि आकडा काही केल्या उतरेना. या दुखण्याचा खरा इलाज एकच होता, मला बाहेर काढणं. दुपारी पोट उघडलं. मुलगी झाली, पावणेदोन किलोची. आवाज बारीक, पण हट्टी.

तळमजल्यावरची संशोधक बर्फाचा डबा घेऊन दारातच उभी होती. अर्ध्या तासात माझ्या पेशी प्रयोगाच्या बशीत पोचायला हव्या होत्या, आणि लिफ्ट बंद! तीन मजले ती धावत उतरली. माझे तांदळाएवढे तुकडे केले, मिठाच्या पाण्यात धुतले आणि बशांमध्ये मांडले. काही नुसतेच, काहींवर रक्तदाबाचं एक औषध, काहींवर दुसरं.

दोन दिवसांनी मोजणी झाली. एका औषधाच्या बशीत माझ्या पेशी निवल्या होत्या. नको ते रसायन निम्म्यावर आलं होतं. दुसऱ्यानं तसूभरही फरक पडला नव्हता.

"म्हणजे सापडलं!" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"छे, कुठलं! बशीतलं पोटात होईलच असं नाही. शिवाय ही एकीचीच वार. अजून चाळीस बघू दे, मग बोलू." आणि ती पुढच्या बाळंतिणीला विचारायला वर गेलीसुद्धा.

आईचा रक्तदाब दीड महिन्यात ताळ्यावर आला. लेक तीन आठवड्यांनी घरी गेली. मी आता प्रयोगशाळेत, मेणाच्या एका ठोकळ्यात जपून ठेवलेली आहे. माझा एक पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायला गुलाबी रंगवून काचेवर ठेवलाय.

आई वाचावी म्हणून मला निघावं लागलं. त्याचं दुःख नाही. दुःख आहे ते सहा आठवडे आधी निघावं लागलं याचं. माझ्यामागून येणाऱ्या वारेला तेवढे दिवस मिळू द्या. तिच्या पेशींना शांत ठेवणारं औषध शोधा. त्यासाठी हवे तेवढे काप काढा माझे. ठोकळ्यात मी अजून बरीच शिल्लक आहे.