ऑपरेटरची चूक

नलिनी सबनीस मुलुंडच्या त्या कारखान्यात एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आली, तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं आणि तिची कंबर सकाळपासून दुखत होती. साल अठ्ठ्याऐंशी. अंधेरीच्या एका कॉम्प्युटर कंपनीत ती सर्व्हिस इंजिनिअर होती. अकरा वर्षं हेच चाललं होतं. आज कांदिवली, उद्या घाटकोपर, परवा मुलुंड.

पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या या कारखान्याची तक्रार दर वेळी तीच असायची. मशीन चालू असायचं, स्टोअरमधल्या मालाच्या याद्या स्क्रीनवर दिसायच्या, पण नवीन नोंद करायला गेलं की मशीन नकार द्यायचं. मशीनला नंतर जोडलेली दुसरी डिस्क मधेच फक्त वाचण्यापुरती उरायची. तिच्यावर एक अक्षर लिहिता यायचं नाही. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळं ठीक. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच.

डिस्कच्या पेटीवर पुढे एक बटण होतं. ते दाबलं की लिहिणं बंद व्हायचं आणि लाल दिवा लागायचा. माहिती चुकून पुसली जाऊ नये म्हणून केलेली सोय. बटण दाबून सोडायचं असल्यामुळे ते कुणी दाबलं होतं की नाही, हे नंतर बघून कळत नसे. पहिल्या भेटीत नलिनीने डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवला, केबली काढून पुन्हा बसवल्या. काही सापडलं नाही. पाच वाजून गेले होते. रिपोर्टात ‘कारण’ या रकान्यात तिने लिहिलं, ऑपरेटरकडून बटण दाबलं गेलं असावं. दुसऱ्या भेटीतही काही सापडलं नाही, तेव्हा तिने ‘असावं’ लिहायचाही कंटाळा केला. ऑपरेटरची चूक, एवढंच लिहून सही केली.

ऑपरेटर म्हणजे मार्तंड तावडे. पंचावन्न वर्षांचे. तीस वर्षं स्टोअरची कार्डं हाताने भरत आले होते. मशीन आल्यावर कारखान्याने त्यांनाच तीन आठवडे शिकवून या खोलीत बसवलं होतं.

आज ते दाराजवळ खुर्ची टाकून बसले होते, मशीनपासून चांगले दहा फूट लांब.

“तावडेसाहेब, इथे का बसलात?”

“लांब बरं, मॅडम.” त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून तिच्या हातात दिला. मेमो होता. मशीन हाताळताना वारंवार निष्काळजीपणा, त्यामुळे पहिल्या तारखेपासून डिस्पॅचला बदली. खाली पुरावा म्हणून नलिनीच्या दोन रिपोर्टांच्या तारखा.

तिने तो दोनदा वाचला.

“मी ते बटण दाबलं नाही,” तावडे म्हणाले. “पण तुम्ही इंजिनिअर. तुम्ही लिहिलंत म्हणजे संपलं. घरी सुगंधापण विचारते, खरंच नाही ना हो दाबलंत? बत्तीस वर्षांच्या संसारात तिने असं कधी विचारलं नव्हतं.”

ते रागाने बोलले असते तर तिला काही उत्तर देता आलं असतं. त्यांचा आवाज नुसता थकलेला होता. नलिनीने मेमो परत दिला आणि डिस्कच्या समोर स्टूल ओढलं.

“आज मी इथून हलत नाही. तुम्हीही तिथेच बसा.”

साडेअकरापासून ती बसून राहिली. डबा तिथेच खाल्ला. दोनदा चहा आला. पंख्याची घरघर ऐकून डोळे मिटत होते, ती चिमटा काढून उघडत होती. तावडे पेपर वाचत होते, बहुधा तेच पान पुन्हा पुन्हा.

तीन वाजून दहा मिनिटांनी बाजूच्या शेडमधून धप्प असा आवाज आला. ट्यूबलाइट क्षणभर मंद झाली. डिस्कच्या पंख्याचा सूर खाली उतरला, पुन्हा चढला. आणि लाल दिवा लागला.

कुणी कशालाही हात लावला नव्हता.

“हा आवाज कसला?”

“पत्रे दाबायचं नवीन प्रेस. ऑगस्टच्या शेवटी बसवलंय. चार-पाच दिवसांतून एकदा चालवतात.”

तक्रारी सप्टेंबरपासून सुरू झाल्या होत्या. नलिनी जमिनीवर आडवी झाली आणि कपाटाच्या मागे शिरली. कंबरेतून कळ गेली. धूळ, गुंडाळलेल्या वायरी, मेलेलं झुरळ. बाकी सगळ्या वायरी स्टॅबिलायझरमध्ये गेल्या होत्या. दुसऱ्या डिस्कची एकच वायर भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये होती. प्रेस सुरू झालं की व्होल्टेज पडायचं, आणि अर्धवट काही लिहिलं जाऊ नये म्हणून डिस्क आपणहून कुलूप लावून घ्यायची.

ती डिस्क जूनमध्ये तिच्याच कंपनीच्या नंदकुमारने बसवली होती. आणि त्या वेळच्या तपासणीच्या कागदावर ‘सर्व यंत्रे स्टॅबिलायझरवर’ या ओळीसमोर बरोबरची खूण नलिनीने केली होती. मागे न बघता. कपाट जड होतं, घरी जायची घाई होती.

ती तशीच थोडा वेळ खाली पडून राहिली.

“मॅडम, काय झालं? लागलं का कुठे?”

“नाही,” ती म्हणाली. “सापडलं.”

मशीन बंद करून तिने ती वायर स्टॅबिलायझरमध्ये लावली. मग फोरमनला सांगून प्रेस दहा वेळा सुरू-बंद करायला लावलं. लाल दिवा लागला नाही. तावडे खुर्चीवरून उठून हळूहळू जवळ आले.

तिसऱ्या रिपोर्टात तिने सगळं लिहिलं. वायर चुकीच्या जागी लावली होती, ती आपल्याच कॉम्प्युटर कंपनीच्या माणसाने लावली, तपासणीची सही आपली. आधीचे दोन्ही रिपोर्ट चुकीचे, ऑपरेटरचा काही दोष नाही. कारखान्याचे मॅनेजर गुप्ते यांनी वाचून कागद टेबलावर ठेवला.

“मशीन चाललं ना? मग जुनं कशाला उकरायचं, मॅडम? तुमचंच नाव खराब होईल.”

“मेमोत माझ्या रिपोर्टांच्या तारखा आहेत. हाही त्याच फाइलीत लावा. आणि बदली थांबवा.”

“ते माझ्या एकट्याच्या हातात नाही.”

“मग ज्यांच्या हातात आहे त्यांना एक प्रत मी स्वतः पाठवते.”

गुप्त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली.

ती परत आली तेव्हा तावडे मशीनसमोर बसले होते. बाजूला चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता, डिस्क बंद पडायची त्या दिवसांत हाताने लिहून ठेवलेल्या नोंदी. रिपोर्टाची प्रत त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

“पहिल्याच दिवशी मागे वाकून बघितलं असतंत तर बरं झालं असतं.”

“हो,” नलिनी म्हणाली. “चुकलं माझं.”

त्यावर त्यांनी ‘असू दे’ म्हटलं नाही. गठ्ठा तिच्यापुढे सरकवला. “वाचून दाखवा. मी चढवतो.”

साडेपाचच्या भोंग्यापर्यंत ती पार्ट नंबर वाचत राहिली आणि ते दोन बोटांनी, न चुकता टाइप करत राहिले.

अंधेरीच्या ऑफिसात दुसऱ्या दिवशी तिला चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. गिऱ्हाइकाला असं लेखी द्यायचं असतं का, असं विचारलं गेलं. नंदकुमार आठवडाभर तिच्याशी बोलला नाही.

डिसेंबरमध्ये ती नेहमीच्या तपासणीसाठी मुलुंडला गेली. खोलीत तावडेच होते.

“पत्र आलं का तुम्हाला?”

“आलं. मेमो रद्द. दीड ओळीचं. सुगंधाला दाखवलं. तुम्हाला काही झालं का?”

“मला एक मेमो मिळाला.”

तावड्यांनी मान हलवली. मग उठून दारातून चहावाल्याला हाक मारली आणि दोन सांगितले. नलिनी बॅग खाली ठेवून, कंबर सांभाळत, कपाटाच्या मागे शिरली.