सक्तीचे पैसे

थंडी आत येऊ नये म्हणून कर्टने खिडकीच्या चौकटीवर पातळ प्लास्टिक ताणून चिकटवले आणि त्यावर हेअर ड्रायर फिरवायला सुरुवात केली. सुरकुत्या गेल्या, तसा उगाच काहीतरी बोलायचे म्हणून बोलल्यासारखा म्हणाला,

"आई, बाबांच्या खात्यातून यंदा पैसे काढावे लागतील तुला."

"लागतील म्हणजे?"

"बहात्तर पूर्ण झाली ना तुला? कायदा आहे, या वयाला निवृत्तीच्या खात्यातून काढावेच लागतात. नाही काढले तर निम्मे दंडात जातील."

अर्डिसने कोटाचे वरचे बटण लावले. हिवाळ्यात घरातही ती कोट घालूनच वावरे. तिच्या दिवंगत नवऱ्याने, ऑर्विलने, फॉक्स नदीकाठच्या कागद गिरणीत जन्मभर झिजून जमवलेले ते निवृत्तीचे पैसे आता तिच्या नावावर होते, पण त्यांना हात लावणे तिच्या जिवावर येई.

आणि शुक्रवारीच, चर्चमध्ये तळलेल्या माशांच्या जेवणाला, लव्हॉनने तिला सांगितले होते की नियम बदलला, वय आता त्र्याहत्तर केले, दंडही कमी झाला. "तुझं पुढच्या वर्षी बघ," असेही म्हणाली होती. लव्हॉन बँकेतून निवृत्त झालेली बाई. हवेत बोलणारी नव्हे.

म्हणजे पोरगा खोटे बोलत होता. पोटचा पोरगा! मागच्या महिन्यात तो तिला विकाऊ मासेमारीच्या बोटीचे फोटो दाखवत होता, ते तिला आठवले.

"काढून ठेवायचे कुठे?"

"तुझ्याच नावावर, बँकेत."

"आणि मग?"

कर्टने ड्रायर बंद केला. वायर गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"नुसते पडून राहून काय उपयोग? घर तापवायची ती तळघरातली भट्टी शेवटच्या घटका मोजतेय. मंगळवारी माणूस बोलावलाय मी. नवीन बसवून टाकू."

"तुला काय मिळणार रे त्यातून?"

"मला? दर रविवारी तुझ्याकडे कुडकुडत जेवावं लागणार नाही, एवढंच."

लव्हॉनचे नाव अर्डिसच्या अगदी ओठांवर आले होते. ते तिने गिळले. आपण याला चोर ठरवून मोकळे झालो होतो, याची तिला लाज वाटली.

"सरकारच सोडत नसेल, तर आपण तरी काय करणार," ती म्हणाली.

कर्टच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याला जरा जोरच चढला.

"पुढच्या वर्षीही काढावे लागतील हं. कायदाच आहे तसा."

"हो," अर्डिस म्हणाली. "ते मात्र खरं."