मागाचा मालक

शहापुरात माग सुरू असले की विणकर सोसायटीतल्या कॉम्प्युटरची तब्येत बिघडायची. गल्लीगल्लीतले यंत्रमाग अशी काही वीज ओढायचे की व्होल्टेज खाली बसायचं आणि पडदा काळाठिक्कर पडायचा. म्हणून सत्यवतीने मोठी कामं अमावास्येला ठेवली होती. अमावास्येला विणकर माग बंद ठेवतात, पुसतात, तेल घालतात, हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी सगळं शहापूर चिडीचूप असतं आणि वीज मागेल तेवढी मिळते.

ही अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. सत्यवती खासबागेतली, बी.कॉम. झालेली, आणि बेळगावात नव्याने निघालेल्या एका क्लासात डेटाबेस शिकून आलेली. आजचं काम दिसायला एवढंसं होतं, पण त्याच्या आनंदात तिला आठवडाभर धड झोप नव्हती.

मशीनमध्ये दोन तक्ते होते. एकात सभासद, दुसऱ्यात माग. प्रत्येक मागापुढे ‘घर’ नावाचा रकाना होता आणि त्यात घराचा नंबर. सुताची चिठ्ठी घराच्या नावे निघायची आणि घरातला कर्ता पुरुष ती उचलायचा. आता वडगावच्या बायाक्काचं बघा. नवरा गेल्यावर माग तिच्या नावावर झाला, सोसायटीची सभासदही ती झाली, पण माग उभा दिराच्या घरात. म्हणून सूत दिराच्या, म्हणजे भीमाप्पाच्या हातात. तो आधी आपले माग भरायचा आणि उरलंसुरलं, उरेल त्या रंगाचं, वहिनीपुढे टाकायचा. कधी काहीच उरायचं नाही, तेव्हा तिचा माग नुसता उभा.

सत्यवतीने हे पाहिलं आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला. रकान्यात घराच्या जागी मागाचा मालक घातला तर चिठ्ठी थेट मालकाच्या नावे निघेल. तिने मॅनेजर देवाप्पांना पटवलं, देवाप्पांनी कमिटीला पटवलं, ठराव झाला. पण चेअरमननी जाता जाता मेख मारून ठेवली होती. उद्याच्या सूतवाटपात नवी पद्धत बिनबोभाट चालली तर चालली, नाहीतर जुनी कायमची, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

सकाळी ती मशीनपुढे बसली तेव्हा देवाप्पा शेजारी खुर्ची ओढून बसले होते. तिने मागाचा तक्ता उघडला. ‘घर’ खोडून ‘मालक’ लिहिलं आणि सभासद नंबर मोठे म्हणून रकान्याची रुंदीही वाढवली. एकाच फटक्यात दोन्ही. मशीन क्षणभर गुरगुरलं. मग तक्ता आला, आणि मालकाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

क्लासातल्या मास्तरांनी बजावून सांगितलं होतं, नाव आणि रुंदी एकदम बदलायची नाही. नाव बदललं तर मशीन रकाना जागेवरून ओळखतं, रुंदी बदलली तर नावावरून. दोन्ही एकदम बदलली की त्याला ओळखच पटत नाही आणि ते आतला माल फेकून देतं. हे सगळं तिला आता, नको तेव्हा, स्वच्छ आठवलं. घाईघाईने तिने जुनं नाव आणि जुनी रुंदी परत घातली. रकाना कोराच राहिला, आणि वर मशीन बदलाआधी जी एक जुनी प्रत जपून ठेवतं, तिच्यावरही आता कोरी प्रत चढली.

देवाप्पांनी धीर दिला. फ्लॉपीवर नक्कल होतीच की. त्यांनी स्वतः कपाटातून ती आणली आणि सत्यवती बघतच राहिली. फ्लॉपीच्या मधल्या फटीत, जिथून मशीन वाचतं नेमकं तिथे, ठसठशीत हळदकुंकू लावलेलं होतं आणि वर तेलाचा थेंब.

“अण्णा, हे कुणी केलं?”

“मी,” देवाप्पा म्हणाले. “यंत्राचीच वस्तू न्हवं ती? अमावास्येला मागाला करतो, तसं हिलाबी केलं.”

रागवावं की हसावं हे तिला कळेना. मशीनने फ्लॉपी दोनदा तोंडात घेतली आणि दोनदा थुंकली.

रचना बदलली की सूची नव्याने बांधायची, हा चांगल्या सवयीतला नियम. तिची बोटं सवयीनेच ती आज्ञा टाइप करून गेली. फक्त शेवटची कळ दाबायची राहिली होती, आणि तिथे तिचा हात थबकला. सूची! पुस्तकाच्या मागे असते तशी ती वेगळ्या फाइलमध्ये होती. कुठल्या घरनंबराचा माग कितव्या ओळीत आहे, हे तिथे लिहिलेलं होतं, आणि तिला अजून कुणी हात लावला नव्हता. ती कळ दाबली असती तर कोऱ्या रकान्यावरून कोरी सूची झाली असती आणि मग सगळंच संपलं असतं.

टाइप केलेलं तिने एकेक अक्षर पुसलं. सूचीची आधी नक्कल केली, मग मूळ सूची तक्त्याला जोडून घर नंबर एक शोधायला सांगितलं. मशीन ताडकन एका ओळीवर जाऊन थांबलं. घराचा रकाना कोरा, पण शेजारी मागाचा नंबर हजर. दुसरं घर मागितलं, तेही सापडलं. सूचीत घरं ओळीने होती, म्हणजे एका घराचा पहिला माग आणि पुढच्या घराचा पहिला माग मिळाला की मधले सगळे आधीच्या घराचे.

“अण्णा, सापडलं,” ती म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. “सगळं हाय ह्यात.”

मग काय विचारता. प्रिंटर करकर करत कागद ओकू लागला, भरताना विस्कटू नये म्हणून सूची बंद करून ती एकेक नंबर भरू लागली आणि देवाप्पा खड्या आवाजात कागद वाचू लागले. जेवणाची आठवण दोघांनाही झाली नाही. रकाना भरला तशी तिने पहिल्यांदा नक्कल काढली, स्वच्छ फ्लॉपीवर. मग फक्त नाव बदललं, उघडून पाहिलं. मग फक्त रुंदी बदलली, उघडून पाहिलं. घरनंबरावरून सभासद शोधून घरांच्या जागी मालक बसवले. बायाक्काच्या मागापुढे तिचा सभासद नंबर घातला तेव्हा सत्यवतीला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. सूची तिने सर्वांत शेवटी बांधली. बाहेर दिवेलागण होत होती.

दुसऱ्या दिवशी माग पुन्हा धडधडायला लागायच्या आत चिठ्ठ्या छापून झाल्या होत्या. सूतवाटपाच्या खिडकीत सोसायटीचा कारकून परशराम बसला होता, मागे चेअरमन उभे. भीमाप्पाने चिठ्ठी वाचली आणि एक माग कमी का म्हणून आवाज चढवला. देवाप्पांनी शांतपणे सांगितलं की तुझे तेवढे तुला मिळाले, राहिलेला बायाक्काचा. त्याने चेअरमनांकडे पाहिलं. चेअरमननी परशरामाला पुढचं नाव घ्यायला सांगितलं. भीमाप्पा गाठोडं उचलून गेला, पण दारात उभा राहिला.

बायाक्का खिडकीशी आली. तिने चिठ्ठी दोन्ही हातांनी पुढे केली. परशरामाने चिठ्ठीवर शिक्का मारला आणि प्रत्येकाला विचारायचा तसं मान वर न करताच विचारलं, “रंग कंचा?”

बायाक्काच्या हाताने विणलेली लुगडी पार निपाणीच्या बाजारापर्यंत जात होती, पण हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. सत्यवती आतून उठून खिडकीपाशी आली.

“आक्का, जो पायजे त्यो सांगा,” ती म्हणाली.

“थांब गं,” बायाक्का म्हणाली. “मला जरा इचार करू दे.”

ती फळीवरच्या लडी एका टोकापासून बघू लागली. रांग थांबून राहिली.