जुळलेला आकडा

रोझान हालुष्काचा आकडा जुळला, आणि पेनसिल्व्हेनियातल्या त्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तिचं नाक चांगलं अर्धा इंच वर गेलं. जाणारच की! नव्या ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यात किती वीज फुकट जाईल, ते तिच्या गणिती मॉडेलनं महिनाभर आधी सांगितलं होतं: अठरा पूर्णांक सहा किलोवॅट. आज सकाळी मीटरनंही तेच दाखवलं.

"वेन, तुमचा तो हिशोबाचा जुना तक्ता आता भिंतीवर शोभेला लावा," ती साहेबाला म्हणाली. वेन स्टाउफर हसला. दुपारी वीजकंपनीचे टिबेट आणखी बारा ट्रान्सफॉर्मरच्या करारावर सही करणार होते, आणि त्यात हमी रोझानच्याच आकड्याची होती.

खाली बर्निस सगळ्यांना पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वाटत होती. गाभ्याचे पत्रे रचण्यात तिची तीस वर्षं गेलेली.

"खा गं, हुशार बाई! तुझ्या गाभ्यानं आमचे खांदे मोडले. किती ते पत्रे!"

"का? उंची तर नेहमीचीच होती."

"उंची तीच, पत्रा पातळ. जाड संपला म्हणून वेननं पातळ दिला. तुला बोलला नाही?"

रोझानचा घास तोंडातच राहिला. तिनं हिशोब जाड पत्र्याचा केला होता. पातळ पत्र्यात वीज कमी वाया जाते, म्हणजे मीटर सतराच्या आत यायला हवा होता. मग मॉडेलातून काय सुटलं? धावत वर जाऊन तिनं वेनचा तोच तक्ता उघडला. शेवटच्या ओळीत वेनच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोपऱ्यांच्या सांध्यांचे शेकडा अकरा जादा'. तिनं कोपरे धरलेच नव्हते! दोन चुकांनी एकमेकींना झाकलं होतं. लाजेनं तिचे कान तापले.

वेनच्या खोलीत टिबेट पेन काढून बसले होते.

"थांबा. आकडा चुकलाय," ती म्हणाली.

"अगं, जुळलाय ना!" वेन ओरडला. "कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस?"

"नशिबानं जुळला. कोपरे तुमच्या तक्त्यात आहेत, माझ्या मॉडेलात नव्हते. हे बारा गाभे करारानुसार जाड पत्र्याचे होणार. वीस पूर्णांक सहा येईल, लिहून घ्या."

टिबेटनी चष्म्यावरून पाहिलं. "सकाळी फोनवरही असंच ठासून सांगितलं होतं ना?"

"हो. सकाळी चुकले होते. आता नाही."

त्यांनी पेन खिशात टाकलं. "जाड पत्र्याचा एक करून दाखवा. मग बघू."

वेन तीन आठवडे तिच्याशी धड बोलला नाही. करार गेला असता तर तिची नोकरीही गेली असती, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मॉडेल दुरुस्त करून रोझान रात्री गाढ झोपायची.

चाचणीला टिबेट स्वतः आले. मीटर वीस पूर्णांक सातवर थांबला.

"एका दशांशानं चुकलात," टिबेट म्हणाले, आणि बाराही ट्रान्सफॉर्मरच्या करारावर सही केली.

वेननं सुटकेचा नि:श्वास टाकून तिच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, तर रोझान जिन्यापर्यंत पोचलीही होती.

"कुठं चाललीस? अगं, झालं ना सगळं!"

"तो एक दशांश शोधायला," ती वरून म्हणाली.